आप्पा, सरांच्या सभेत तुम्ही बोलायचं

मँचेस्टर, रविवार

ती. आई-आप्पांना शि. सा. नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार आणि माझ्या पिल्लाला खूप खूप पापे,

रोज फोन होतो तरी पत्र लिहायलेय कारण फोनवर आप्पा दोन मिनिटं बोलतात, जेवलीस का, थंडी किती आहे, आणि लगेच "हे घे आईशी बोल" म्हणून मोकळे होतात, आणि मला जे सांगायचंय ते आप्पांनाच सांगायचंय आणि ते दोन मिनिटांत मावत नाही. दादा, तुला व्हॉट्सॲपवर पाठवलंय पण मोबाईलवरून वाचून दाखवू नकोस, नव्या पेठेतून प्रिंट काढून आण, अक्षर जरा मोठं करून, आणि आप्पांच्या हातात दे.

आमचे कॉलेजचे अर्थशास्त्राचे सर गेले हे दादाकडून कळलं तेव्हा इथं सकाळ होती, मी ऑफिसला निघाले होते, गेलेसुद्धा, पण दिवसभरात काय काम केलं ते मला आठवत नाही. दादा, तू अंत्ययात्रेला गेलास, माझ्या वतीनं सरांच्या बायकोला, काकूंना भेटलास, फार बरं वाटलं. तू म्हणालास की कॉलेजचे लोक तर होतेच पण मार्केट यार्डातले हमाल कसे काय आले, रिक्षावाले कसे काय, आणि पूर्व भागातल्या त्या म्हाताऱ्या बायका काकूंचा हात धरून तेलुगूत काय बोलत होत्या. मला माहितेय ते सगळे कोण ते. सरांनी तीस-पस्तीस वर्षं जे काही शिकवलं ना, ते ह्या लोकांना विचारून विचारून शिकवलं. हमालाला विचारायचं पोत्यामागं काय मिळतं, बिडीवाल्या मावशीला विचारायचं आठवड्याला किती हजार बिड्या होतात, आणि तेच दुसऱ्या दिवशी फळ्यावर.

शनिवारी आमच्या सगळ्या बॅचेसचा मिळून झूमवर कॉल झाला. तासभर बोलू म्हणून ठरलं होतं, तीन तासांच्या वर गेलं, सिंगापूरवाल्याकडं मध्यरात्र झाली तरी तो हलला नाही. ज्यांच्या डिग्रीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं नाव आहे ते आम्ही जुने, आणि २००४ मध्ये सोलापूरचं विद्यापीठ झालं त्यानंतरचे नवे, असे सगळे. मंगळवेढ्याचा एक झेडपीच्या शाळेत मास्तर आहे, सांगोल्याचा एक डाळिंबाची बाग करतो, एक लातूरला बँकेत मॅनेजर, एक मुंबईला सेल्स टॅक्समध्ये (आता जीएसटी म्हणायचं), एक मार्केट यार्डात बापाचीच आडत चालवतो. पहिली दहा मिनिटं सगळे "थोर व्यक्तिमत्त्व", "भरून न निघणारी पोकळी" असलंच बोलत होते, मग यार्डातला तो मध्येच म्हणाला, "अरे काय बे, सरांसमोर असं बोलला असतास तर सर म्हणाले असते आकडा सांग." मग सगळे हसले, आणि मग खरं बोलायला लागले.

एकीनं पाण्याची गोष्ट सांगितली. आई, तुला आठवतंच असेल, नळाला पाणी चार दिवसांनी, उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांनी, आणि वेळ कुठलीही. उजनी धरण भरलेलं असायचं आणि आपण हंडे घेऊन बसलेलो. तर सरांनी एकदा हजेरीपट वर्गात आणला आणि म्हणाले, ह्यात मला एक गोष्ट दिसली, तुम्हाला दिसते का बघा. मुलांच्या गैरहजेरीला काही आकार नव्हता, वाटेल तेव्हा दांडी. मुलींची मात्र ठराविक दिवसांनी, आणि ती पण पेठेप्रमाणे, म्हणजे ह्या भागातल्या मुली एका दिवशी आणि त्या भागातल्या दुसऱ्या दिवशी. सरांनी महापालिकेचं पाणी सोडायचं वेळापत्रक शेजारी ठेवलं आणि दोन्ही जुळलं. कुठल्या पेठेला कधी पाणी येतं ते सरांना हजेरीपटावरनं सांगता येत होतं! मग म्हणाले, नळाचं बिल वर्षाला किती येतं ते सगळ्यांना माहितेय, आता ह्या बुडालेल्या तासांची किंमत त्यात धरा आणि सांगा सोलापूरचं पाणी स्वस्त आहे की महाग, आणि ती जादा किंमत घरात कोण भरतंय. ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट म्हणजे संधीचा खर्च हे आम्ही बारावीला पाठ केलं होतं, व्याख्या अजून येते मला, पण तो खर्च माझ्याच नावावर चढतोय हे त्या दिवशी कळलं. आणि नुसतं सांगून थांबले नाहीत सर, त्या महिन्यापासून पाण्याच्या दिवशी जो तास बुडेल तो ते शनिवारी परत घ्यायचे, दोनच मुली आल्या तरी घ्यायचे.

त्यांचा एकच प्रश्न असायचा, कुठल्याही धड्याला. कुणाच्या वाट्याला किती आलं? वर्गात एकदा चादर घेऊन आले होते, आपली साधी सोलापुरी चादर, जकार्डची, टेबलावर पसरली आणि फळ्यावर एकाखाली एक लिहायला लावलं, सूत, रंग, कांडी भरणारी बाई, माग चालवणारा, लाईट बिल, मागाच्या मालकाचं कर्ज, व्यापारी, ट्रक, पुण्या-मुंबईचा दुकानदार. प्रत्येकाचा आकडा कुणीतरी घरून विचारून आणायचा. आठवडा गेला त्यात. सिलॅबस मागं पडायचा हे खरं आहे, आमच्यातले काही जण चिडायचे पण, बाहेर क्लास लावायचे, आणि मला आजही वाटतं की ज्यांना फक्त मार्क पाहिजे होते त्यांच्यासाठी सर अवघडच होते. पण ती चादर कुणी विसरलेलं नाही.

बिडीचं एकीनं सांगितलं, तिची आई बिड्या वळायची, ती स्वतः आता वकील आहे. बिडीची मजुरी हजारावर असते हे आपल्याकडं शेंबड्या पोराला माहिती. पान-तंबाखू कारखान्यातनं आणायचं, घरी वळायचं, नेऊन द्यायचं. तिथं बसलेला माणूस बिड्या बघतो आणि खराब म्हणून काही बाजूला काढतो, त्या मोजणीत धरत नाहीत. सरांनी तिला सांगितलं की आईला विचार, महिनाभर रोज किती बाजूला काढल्या ते लिहून ठेव. आईला लिहिता येत नव्हतं, मग आई रोज तेवढ्या काडेपेटीच्या काड्या डब्यात टाकायची आणि ही रविवारी मोजायची. महिन्याच्या शेवटी सरांनी हिशोब काढला की कागदावरची मजुरी एक आणि हातात पडणारी दुसरी, आणि फरक नेमका किती. मग १९६६ चा बिडी कामगारांचा कायदा काढून वर्गात वाचला. ती म्हणाली, त्या दिवशी मी ठरवलं की कायदा शिकायचा, आणि सरांनी मला कधीच तू वकील हो असं सांगितलं नव्हतं.

आई, तुझं पण नाव निघालं कॉलवर! नाव म्हणजे "ती टॉवेलच्या वहीवाली काकू". तू टॉवेलच्या कडा शिवायचीस, डझनावर पैसे, आणि तुझ्या त्या लाल वहीत पुढून डझन लिहायचीस आणि मागून दोरा, मशीनचं तेल, सुई मोडली ते. सरांनी सगळ्यांना महिन्याचा घरखर्च लिहून आणायला सांगितला होता तेव्हा मी तुझी वहीच नेऊन दिली होती. सर ती स्टाफरूममध्ये बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत होते, मी बाहेर उभी, मला कळेना एवढं काय वाचतायत. मग वर्गात म्हणाले, ह्या बाईंनी मजुरीतनं स्वतःचा खर्च वजा केलाय, मोठमोठ्या कंपन्यांच्या ताळेबंदात जे बघायला मिळतं ते इथं आहे. आणि मग सगळ्यांच्या घरखर्चाचा एक तक्ता केला, होटगी रोडच्या बंगल्यातल्यांचा, आपल्यासारख्यांचा, पूर्व भागातल्यांचा. रुपयातले किती पैसे नुसत्या खाण्यावर जातात ते बघितलं तर जितकं घर गरीब तितका ज्वारी-तेल-डाळीचा वाटा मोठा, एकदम सरळ दिसत होतं. मग म्हणाले की एर्न्स्ट एंगल नावाच्या जर्मन माणसानं हे १८५७ साली मांडलं, तुम्ही आज सोलापुरात तेच काढलंत. आम्ही सगळे एवढे खूष झालो होतो त्या दिवशी.

आता आप्पा, मुद्द्याचं.

तुमची मिल बंद पडून बरीच वर्षं झाली होती, तुम्ही तेव्हा अक्कलकोट रोडला एमआयडीसीत पॉवरलूमवर जात होता. सर घरी आले होते, पायरीवर बसले होते तुमच्याबरोबर, आणि तुम्ही बदली कामगार म्हणजे काय ते सांगत होता. दोन दिवसांनी सरांनी तुम्हाला वर्गात बोलावलं. तुम्ही आधी नाही नाही म्हणालात, आई म्हणाली जा की ओ, पोरीचे सर एवढं म्हणतायत, मग इस्त्रीचा शर्ट घालून आलात. सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, आजचे व्याख्याते, आणि पुढं तुमचं पूर्ण नाव. आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसले, वही उघडून. मी दुसऱ्या बाकावर होते आणि मला मान वर करून तुमच्याकडं बघायचं धाडस होत नव्हतं, तुम्ही अडखळलात तर काय, ह्या भीतीनं. तुम्ही अडखळला नाहीत.

हे सगळं मी का सांगतेय, तर कॉलवर ह्यावर अर्धा तास बोलले लोक. मी काही बोललेच नव्हते, सिंगापूरवाल्यानं विषय काढला. तो म्हणाला मी तिकडं मोठ्या बँकेत बसतो, जगातल्या भारी भारी लोकांची लेक्चर ऐकलीत, पण बेकारीवरचं सगळ्यात चांगलं लेक्चर हिच्या वडिलांचं. आप्पा, त्याला शब्द न् शब्द आठवतोय. तुम्ही सांगितलं होतं की भोंगा व्हायच्या आधी गेटवर जायचं, कायम कामगार कोण आला नाही ते बघायचं, जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, हात केला तर साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहायचं, नाही केला तर डबा घेऊन परत. आणि परत घरी लगेच नाही जायचं, कारण शेजारी विचारतात, म्हणून सिद्धेश्वर तळ्यावर बसून डबा खायचा आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी. आई, हे तुला तेव्हा माहिती होतं का ग? मला नव्हतं.

मग सर मागच्या बाकावरनं हात वर करून उभे राहिले, विद्यार्थ्यासारखे, आणि म्हणाले, "एक शंका आहे. पुस्तकात दोन रकाने आहेत, काम असलेला आणि काम नसलेला. तळ्यावर डबा खाताना तुम्ही कुठल्या रकान्यात होता?" तुम्ही जरा वेळ गप्प बसलात आणि म्हणालात, "ते मुकादमाला विचारावं लागेल सर." वर्ग हसला, सर हसले नाहीत, त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

आणि कापड दुकानदाराचा तो मुलगा, गोरा, उंच, त्यानं विचारलं होतं की काका, युनियनवाल्यांनी संप केले म्हणूनच मिली बंद पडल्या ना. मला इतका राग आला होता. तुम्ही शांतपणे सांगितलंत की संप झाले, चुका पण झाल्या असतील, पण साचे माझ्या वडिलांच्या वेळचे होते, पार्ट मिळत नव्हते, नवीन मशीन कुणी घातली नाही, आणि बाहेर पॉवरलूमवर तेच कापड निम्म्या मजुरीत निघत होतं, तिथं ना पीएफ ना पाळीचा नियम. आणि मग त्यालाच विचारलंत, तुमच्या दुकानात मिलचं कापड शेवटचं कधी ठेवलं? तो म्हणाला माहिती नाही, तुम्ही म्हणालात वडिलांना विचारून ये. आप्पा, तो विचारून आला होता. हे मला परवा कळलं. त्यानं कॉलवर सांगितलं की वडील म्हणाले, बंद पडायच्या कितीतरी आधीपासनं आपण मिलचा माल घेणं सोडलं होतं, पॉवरलूमचा स्वस्त पडायचा. तो म्हणाला मी तेव्हापासून दुकानात गिऱ्हाईक स्वस्त मागायला लागलं की मनात म्हणतो ह्यातला फरक कुणाच्या तरी पगारातनं जाणार. आज तेच दुकान तो चालवतो.

व्याख्यान झाल्यावर सरांनी तुम्हाला ऑफिसात नेऊन व्हाउचरवर सही करायला लावली होती आणि मानधनाचं पाकीट दिलं, तुम्ही घेत नव्हता तर सर म्हणाले बाहेरून पाहुणे प्राध्यापक आले की देतो तेवढंच आहे, कमी नाही जास्त नाही. ते पाकीट तुम्ही आईकडं दिलं आणि आईनं माझी एम.ए.ची फी भरताना त्यातलं घातलं, हे आईनं मला सांगितलंय.

मी मँचेस्टरला आले तेव्हा सरांना किती आनंद झाला होता. म्हणाले सोलापूरला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणायचे, तू आता खऱ्या ठिकाणी चाललीस, तिथल्या गिरण्यांचं काय झालं ते बघून मला लिही. इथं रॉयल एक्स्चेंज म्हणून एक भव्य इमारत आहे, पूर्वी तिथं कापसाचा आणि सुताचा व्यापार चालायचा, आता नाटकाचं थिएटर आहे, पण भिंतीवर उंच तो भावफलक तसाच ठेवलाय, १९६८ मध्ये बाजार बंद झाला त्या शेवटच्या दिवसाचे भाव अजून त्यावर आहेत. मी फोटो पाठवला. सरांचं उत्तर आलं, "फलक छान. आता कामगार कुठे गेले ते शोध." मग मी शोधायला लागले, लायब्ररीत जायला लागले, सुट्टीच्या दिवशी जुन्या गिरण्या बघायला. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि इथला कापूस थांबला, लँकेशायरमधल्या गिरण्या बंद, कामगार उपाशी, तरी मँचेस्टरच्या कामगारांनी गुलामगिरीच्या विरोधात लिंकनला पाठिंब्याचं पत्र पाठवलं आणि लिंकननं १८६३ मध्ये त्यांना उत्तर लिहिलं, ते इथं एका चौकात त्याच्या पुतळ्याखाली कोरलंय. सरांना हे लिहिलं तर त्यांनी लगेच दुसरी बाजू जोडली, की त्याच वर्षांत आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, सोलापूरला रेल्वे नुकतीच १८६० ला पोचली होती, युद्ध संपलं आणि भाव कोसळले. आणि पुढच्याच दशकात आपल्याकडं जुनी मिल उभी राहिली. "तुझं आणि माझं गाव एकाच धाग्यानं बांधलेलं आहे, दोन्हीकडची टोकं बघ." आमची ही पत्रापत्री, म्हणजे ईमेलच, शेवटपर्यंत चालू होती.

रिटायर झाल्यावर पण शिकवणं थांबलं नव्हतं. २०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरला ५१२ किलो कांदा विकला, रुपया किलोनं गेला, म्हणजे ५१२ रुपये, आणि भाडं हमाली तोलाई सगळं कापून हातात २ रुपयांचा चेक आला, ते सगळ्या देशात गाजलं होतं. लोक ग्रुपवर रडके इमोजी टाकत होते. सरांनी त्या पट्टीचा, म्हणजे आडत्याच्या हिशोबाच्या कागदाचा, फोटो टाकला आणि खाली लिहिलं, एकेक ओळ वाचा, कुठली कपात कांद्याच्या भावावर अवलंबून आहे आणि कुठली पोत्यावर, म्हणजे भाव पडला की कोण पडतं ते कळेल. आमचा यार्डातला मित्र त्यावर रात्रभर लिहीत होता, आडत्याची बाजू, हमालाची बाजू, सर प्रत्येकाला उत्तर देत होते, वय साठीच्या पुढं.

दादा, तुझ्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला प्रोफेशन टॅक्सचे २०० कापलेले दिसतात ना, फेब्रुवारीत ३००, आणि तू दरवेळी वैतागतोस. सरांना त्याबद्दल विचारलं असतंस तर तासभर बसवलं असतं तुला. १९७२ च्या दुष्काळात सर शाळकरी पोर होते, त्यांच्या आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलेत ते, सुकडी खाल्लीय. त्यातनंच वि. स. पागे यांची रोजगार हमी राज्यभर उभी राहिली, १९७७ चा कायदा झाला, आणि मग २००५ ला दिल्लीनं देशासाठी केला. आपल्या राज्याच्या रोजगार हमीसाठी पैसा पाहिजे म्हणून १९७५ साली शहरातल्या नोकरदारांवर हा टॅक्स बसवला. सर पहिल्या पगाराची स्लिप जपून होते. म्हणायचे, माझ्या आईला जे काम मिळालं होतं ते आता मी दुसऱ्या कुणाच्या आईला देतोय, ह्या एका ओळीत. हे सांगताना त्यांचा आवाज नेहमी बदलायचा.

मी इथं काय काम करते असं आई शेजाऱ्यांना सांगताना गडबडते, तर सोपं सांगते, मी एका कौन्सिलच्या, म्हणजे आपल्याकडच्या महापालिकेसारख्या कचेरीच्या, बजेटवर काम करते, कुठं किती पैसे द्यायचे, कुठं कापायचे त्याचे कागद तयार करते. मागं एका बसचा पहाटेचा फेरा बंद करायचा प्रस्ताव आला, प्रवासी फार कमी. मी विचारलं ते कमी प्रवासी कोण आहेत. बघितलं तर हॉस्पिटल आणि ऑफिसं साफ करणाऱ्या बायका. मी फक्त तेवढी एक ओळ कागदात घातली. फेरा राहिला. आप्पा, तो प्रश्न विचारायला मी कुठल्या परदेशी युनिव्हर्सिटीत नाही शिकले.

तर आता ठरलंय काय ते सांगते. कॉलवर कुणीतरी म्हणालं सरांच्या नावानं पहिल्या येणाऱ्याला सुवर्णपदक ठेवू. मंगळवेढ्याचा मास्तर एकदम उसळला, म्हणाला सरांनी आयुष्यात कुणाला मार्क विचारले का? मला पण त्याचंच पटलं, पदकाचा सरांशी काही संबंध नाही. शेवटी असं ठरलं की दरवर्षी मुलामुलींनी आपल्याच शहराची पाहणी करायची, आणि त्यांचं बसभाडं, वह्या, चहापाणी, झेरॉक्स आम्ही सगळ्यांनी मिळून भरायचं. गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळांनी सोलापूर शहराची पाहणी केली होती, १९६५ ला तिचं पुस्तक निघालं, सर पहिल्याच तासाला ते हातात धरून सांगायचे की तुमच्या गावावर एवढं जाडजूड पुस्तक आहे आणि तुम्ही लंडन-अमेरिकेची उदाहरणं पाठ करताय. त्याचं पुढचं पान मुलांनी लिहायचं, असं आमच्या मनात आहे. आणि आमच्या सगळ्या बॅचच्या पाहणीच्या जुन्या वह्या गोळा करून, स्कॅन करून लायब्ररीत ठेवायच्या. किती जणांच्या घरी माळ्यावर पडल्या असतील, उंदरांनी खायच्या आत काढायला पाहिजेत.

सरांच्या आठवणीची सभा सोलापुरात आहे, पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी सकाळी, हॉल दादाला कळवतील. बोलणाऱ्यांमध्ये एक प्राचार्य, एक माजी विद्यार्थी, आणि तिसरे आप्पा तुम्ही. हे मी सुचवलेलं नाही, खरंच नाही, कापड दुकानवाल्यानं सुचवलं आणि कुणी एक शब्द विरोधात बोललं नाही. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, त्यांना बोलवाच, ह्यांच्या वहीत त्यांचं नाव आहे. ती वही काकूंनी उघडून दाखवली, त्या दिवसाची तारीख, वर "व्याख्याते" म्हणून तुमचं नाव आणि खाली मुकादमाचं ते वाक्य, पेनानं अधोरेखित.

तुम्ही म्हणणार मला कुठं भाषण येतंय. भाषण नकोच आहे कुणाला. सरांनी तुम्हाला काय विचारलं होतं आणि तुम्ही काय सांगितलं होतं एवढं बोला, दहा मिनिटं. आणि पॉवरलूमवर नंतर जी वर्षं काढलीत त्याचं पण बोला, ते तेव्हा राहून गेलं होतं. तिथं नवीन पोरं असतील, त्यांनी भोंगा ऐकलेला नाही. बसून बोललात तरी चालेल, गुडघे दुखतात हे मी सांगून ठेवलंय, खुर्ची ठेवतील. मी झूमवर असणार आहे, इथं पहाट असेल, मी उठून बसेन.

आई, तू पण जायचंस त्यांच्याबरोबर. बायकांपैकी कुणी तुला टॉवेलच्या रेटचं विचारलं तर सगळं सांग, लाजू नकोस.

वहिनी, आप्पांची बीपीची गोळी त्या दिवशी सकाळी चुकू देऊ नका, आणि शेंगा चटणीचं पार्सल मिळालं, संपत पण आलं, ऑफिसातल्या पोलिश बाईला फार आवडली. दादा, माळ्यावर निळ्या पत्र्याच्या पेटीत माझ्या कॉलेजच्या वह्या आहेत, त्यात कांदा बाजाराच्या पाहणीची एक आणि आईची लाल वही पण असणार, दोन्ही काढ, आधी प्रत्येक पानाचा फोटो घे आणि मग मूळ वह्या काकूंकडं नेऊन दे, आईला विचारूनच हं, वही तिची आहे.

तुमची लेक